पाळीव प्राण्याचं क्लोनिंग: ५० हजार डॉलरांत नेमकं काय मिळतं?

सुतारपक्षी
नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीने जाहीर केलं की त्याची आताची कुत्री ही आधी वारलेल्या कुत्रीचा क्लोन, म्हणजे जनुकीय प्रत, आहे. २०१८मध्ये गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडने आपल्या दोन कुत्र्यांबद्दल हेच सांगितलं होतं. हे काम करणाऱ्या टेक्सासमधल्या व्हायाजेन कंपनीचा दर कुत्रा किंवा मांजराला ५० हजार डॉलर, घोड्याला ८५ हजार. म्हणजे एका मांजराचे चव्वेचाळीस लाखांच्या आसपास.

माझं मत आधीच सांगून टाकतो: शास्त्र म्हणून हे थक्क करणारं आहे, पण दुकानात विकायची वस्तू नाही. तरी चर्चा भावनेवर न जाता तपशिलावर व्हावी म्हणून तीन प्रश्न. प्रयोगशाळेत नक्की काय करतात? निपजलेला प्राणी मूळ प्राण्यासारखा किती? आणि आपल्याकडे कुणी "निदान पेशी तरी साठवून ठेवू का" असं विचारलं तर काय उत्तर द्यावं?

जनुकराव
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. म्हशीची पद्धत सांगतो, कारण आपल्याकडचं सगळ्यात जास्त काम तिच्यावर झालंय.

दात्या प्राण्याच्या कानाच्या किंवा शेपटीखालच्या कातडीचा छोटा तुकडा घेतात. तो बारीक चिरून प्लास्टिकच्या बशीत ठेवला की आठवड्याभरात कडेने तंतुपेशी वाढायला लागतात. त्या पसरू देतात आणि १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून वापरायचं रसायन) घातलेल्या द्रवात मिनिटाला साधारण १ अंश या गतीने थंड करून शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात. ही झाली पेढी.

दुसरीकडे स्त्रीबीजं लागतात. म्हशीची बीजं कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून मिळतात. २ ते ८ मिलिमीटरच्या पुटकुळ्यांमध्ये १८ नंबरची सुई घालून आतला द्रव ओढायचा, बीजं वेचायची आणि ३८.५ अंशांवर २२ ते २४ तास पिकू द्यायची. पिकल्यावर बीजाभोवतीचं पारदर्शक कवच प्रोनेज या विकराने विरघळवतात आणि केंद्रक असलेला कोपरा सूक्ष्म पात्याने हाताने कापून टाकतात. अशी दोन बिनकेंद्रकी अर्धुकं घ्यायची, मध्ये एक कातडीची पेशी चिकटवायची आणि काही मायक्रोसेकंदांचा विजेचा झटका द्यायचा. तिन्ही एकजीव होतात. मग कॅल्शियम आयनोफोर आणि ६-डीएमएपी ही रसायनं देऊन बीजाला "तुझं फलन झालंय" असं फसवायचं. सात-आठ दिवसांत पोकळ चेंडूसारखा भ्रूण तयार झाला तर तो माजाचा दिवस जुळवून ठेवलेल्या म्हशीत सोडायचा.

कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेची ही हातकामाची पद्धत. डॉली या पहिल्या प्रसिद्ध क्लोन मेंढीच्या वेळी कवच शाबूत ठेवून काचेच्या सूक्ष्म नळीने केंद्रक ओढून घेतलं होतं. त्याला लाखोंचं मायक्रोमॅनिप्युलेटर यंत्र लागतं, इथे चांगला सूक्ष्मदर्शक आणि न थरथरणारा हात पुरतो.

तिरपागडा
चुकून पाककृती विभागात शिरलो की काय? मीठ चवीनुसार का?

जनुकराव
मीठ मोजून. माध्यमात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण २७० ते २९० मिलिऑस्मोलच्या फार बाहेर गेलं की भ्रूण वाढायचा थांबतो.

निशिगंध
दुसऱ्या प्रश्नाला एकच मांजर पुरेसं आहे. २२ डिसेंबर २००१ला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मलेली 'सीसी', जगातली पहिली क्लोन मांजर. आईचं (की बहिणीचं?) नाव रेनबो, तिरंगी: पांढरी, काळी, नारिंगी. सीसी मात्र पांढऱ्यावर करडे-तपकिरी पट्टे घेऊन आली, नारिंगीचा ठिपका नाही.

मांजरात नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स कायमचं बंद होतं. कुठल्या पेशीत कुठलं, ही लॉटरी भ्रूणावस्थेत लागते, म्हणून अंगावर तिरंगी गोधडी उमटते. सीसीसाठी घेतलेल्या एका पेशीत नारिंगीवालं एक्स आधीच बंद होतं. क्लोनिंगमध्ये ते कुलूप उघडून पुन्हा लॉटरी लागायला हवी होती. लागली नाही.

म्हणजे तिरंगी मांजर क्लोन करून तीच गोधडी परत मिळेल हे विसरा. पांढऱ्या ठिपक्यांचंही तसंच. रंगपेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघून पोटाकडे सरकतात, कुठवर पोचतील हे जनुकांत सेंटिमीटरवार लिहिलेलं नसतं. एकरंगी लॅब्राडॉर घेतलात तर फसवणूक लक्षात येणार नाही, इतकंच.

सर्किट
रंग जाऊ द्या, स्वभाव तर येतो ना? कोरियाच्या सीमाशुल्क खात्याने २००७-०८च्या सुमारास एका उत्तम हुंगणाऱ्या लॅब्राडॉरचे सात क्लोन करून घेतले होते. सगळ्यांचं नाव 'टॉपी'. त्यातले बहुतेक कामाला लागले.

निशिगंध
लागले, कारण त्यांना लहानपणापासून त्याच कामाचं प्रशिक्षण मिळालं. हुंगायची हौस, न थकणं, आवाजाला न घाबरणं यात आनुवंशिक वाटा मोठा असतो, हे मान्य. पण मालकाला हवा असतो 'तो' कुत्रा, जो अमुक आवाजाला दाराशी धावायचा. पिल्लाची जगाशी ओळख होण्याची खिडकी तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत उघडी असते, आणि त्यातला बराच काळ क्लोनचं पिल्लू प्रयोगशाळेत किंवा दाई कुत्रीपाशी (जिच्या पोटी भ्रूण वाढवला तिच्यापाशी) असतं.

उलट उदाहरण वळूचं. टेक्सासमध्ये 'चान्स' नावाचा, ब्रॅह्मन जातीचा वळू होता, इतका गरीब की लोक शेजारी उभं राहून फोटो काढायचे. १९९९मध्ये त्याचा क्लोन जन्मला, 'सेकंड चान्स'. दिसायला हुबेहूब, उठण्याबसण्याच्या लकबीही त्याच. त्याने मालकाला दोनदा शिंगावर घेतलं. चान्स त्या घरी आला तेव्हा पोक्त होता, तरुणपणी तो कसा होता हे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिरपागडा
नाव चुकलं. 'लास्ट चान्स' ठेवायला हवं होतं.

बेरीज_वजाबाकी
सगळे क्लोनबद्दल बोलताय. मी बाकीच्यांची मोजदाद करतो.

डॉली (५ जुलै १९९६, रॉस्लिन संस्था, एडिंबराजवळ): सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतल्या पेशी २७७ बीजांशी जोडल्या, त्यातून २९ भ्रूण झाले, ते १३ मेंढ्यांत सोडले आणि कोकरू जन्मलं एक.

सीसी: ८७ भ्रूण, जगलेलं पिल्लू एक.

स्नपी, पहिला क्लोन कुत्रा (२४ एप्रिल २००५, सोल राष्ट्रीय विद्यापीठ): १०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांत सोडले. गाभण राहिल्या तीन. एकीचा गर्भ पडला, दोघी व्यायल्या, त्यातलं एक पिल्लू २२व्या दिवशी न्यूमोनियाने गेलं.

आज दर पुष्कळ सुधारले आहेत, तेव्हा आकडे जसेच्या तसे आजच्या पावतीला चिकटवू नका. पण पावतीवर न दिसणाऱ्या माद्या आजही आहेत. ५० हजार डॉलर देणाऱ्याला एक पिल्लू दिसतं; बीजं देणाऱ्या कुत्र्या कुठून आल्या, प्रत्येकीवर किती शस्त्रक्रिया झाल्या, पुढे त्यांचं काय झालं, हे विचारणारे गिऱ्हाईक किती? माझा आक्षेप एवढाच आहे, आणि 'देवाच्या कामात ढवळाढवळ' वगैरेशी त्याचा संबंध नाही.

कालवड
बेरीज यांच्या मुद्द्याला शास्त्रीय जोड. कुत्रीच्या बाबतीत हा भार जास्त का, हे समजून घ्यायला हवं.

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, तिला इंजेक्शनं देऊन एका वेळी बरीच बीजं पिकवता येतात आणि शरीराबाहेरही पिकवता येतात. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा माजावर येते. संप्रेरकांनी तिचं वेळापत्रक हलवणं भरवशाचं नाही. वर तिचं बीज अंडाशयातून कच्चंच सुटतं आणि बीजवाहिनीत आणखी दोन-तीन दिवसांनी पिकतं. बाहेर पिकवायचे प्रयत्न वारंवार फसले आहेत. मेदामुळे ते काळंभोर दिसतं, त्यामुळे केंद्रक शोधायलाही रंगद्रव्य आणि अतिनील प्रकाश लागतो.

म्हणून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन रोज तपासत बसायचं, बीज सुटल्याचा दिवस धरायचा, त्यानंतर सुमारे ७२ तासांनी भूल देऊन पोट उघडायचं आणि बीजवाहिनीतून द्रव सोडून बीजं धुवून काढायची. मिळतात दहा-बारा. दाई कुत्रीचंही पोट उघडून भ्रूण बीजवाहिनीत सोडायचे, आणि तिचा माज त्याच दिवसांत असायला हवा. पुढे ६० दिवसांच्या आसपास बहुधा सिझेरियन. एका पिल्लामागे निदान दोन-तीन निरोगी कुत्र्यांची पोटं उघडली जातात, तीही त्यांच्या स्वतःच्या कुठल्याही आजारासाठी नव्हे.

बिघाड कुठे होतो तेही सांगते. कातडीच्या पेशीत बहुतेक जनुकांना कुलपं लागलेली असतात. स्त्रीबीजाला ती काही तासांत उघडावी लागतात. शुक्राणू आला असता तर या कामाची वेगळी सोय असते. अर्धवट उघडली तर पहिला फटका वारेला बसतो. गायीत वारेच्या गाठी कमी आणि अवाढव्य होतात, गर्भपिशवीत पाणी साठतं, वासरू प्रमाणाबाहेर मोठं होतं, नाळ जाड राहून रक्तस्राव होतो, फुप्फुसं तयार नसतात. बऱ्याच गायी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गाभडतात. डीएनए शंभर टक्के बरोबर असूनही हे होतं.

सर्किट
एक विचारतो, राग मानू नका. पगचं नाक माणसाने चपटं केलं, त्याला श्वास घेता येत नाही. बुलडॉगच्या बहुतेक माद्या सिझेरियनशिवाय व्यायत नाहीत. गल्लीबोळात परवान्याशिवाय पैदास चालते, मादी दर माजाला भरवतात. त्यावर कुणी धागा काढत नाही. वर्षाला मूठभर श्रीमंत क्लोन करून घेतात, तिथे मात्र नीतिशास्त्र आठवतं.

बेरीज_वजाबाकी
राग नाही. पगचं प्रजननही चूकच. दुसऱ्याच्या शेतात तण आहे म्हणून आपल्या शेतातलं पीक होत नाही.

कालवड
सर्किट यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. 'कुत्र्यांची पैदास व विक्री नियम २०१७'मध्ये मादीचं वय, आरोग्य, दोन वेतांतलं अंतर यावर निदान कागदावर तरी बंधनं आहेत. क्लोनिंगमधली दाई अशा नियमांच्या चौकटीत बसतच नाही. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०, कलम १४ प्रयोगांना सूट देतं, पण ती शरीरशास्त्राचं नवं ज्ञान, जीव वाचवणं, आजाराशी लढणं अशा कारणांसाठी. 'मालकाला पूर्वीचा मोती हवाय' हे त्यात बसवायचं तर वकील फार हुशार लागेल.

पाव्हणं_माणदेशी
कुत्र्या-मांजरांचं असूंद्या. शर्यतीतला एक नंबरचा खिल्लार क्लोन करता येतो का न्हाय? मे २०२३ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा कायदा कायम केल्यापासनं नामी बैलाच्या किमती कुठल्या कुठं गेल्यात.

जनुकराव
तांत्रिकदृष्ट्या येतो. कुत्र्यापेक्षा गायीत सोपंच. कर्नालमध्येच १६ मार्च २०२३ला 'गंगा' ही गीर कालवड क्लोनिंगने जन्मली, वजन ३२ किलो. गोवंशाची अंडाशयं कत्तलखान्यातून मिळत नाहीत, म्हणून तिथे जिवंत गायीच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या मदतीने सुईने बीजं काढली.

शर्यतीच्या जनावरांचा खरा धडा अर्जेंटिनाच्या पोलोत आहे. अदोल्फो कांबियासोने 'कुआर्तेतेरा' या घोडीचे क्लोन करून घेतले आणि २०१६च्या पालेर्मोच्या अंतिम सामन्यात तिचे सहा क्लोन आळीपाळीने वापरले. पण पोलोच्या घोड्याला वर्षानुवर्षं रोज तालीम असते. त्याच मातीत, त्याच हाताखाली वाढला तर क्लोन मूळ घोड्याच्या जवळ जातो.

खिल्लारच्या बाबतीत मात्र एक गोष्ट खरोखर उपयोगाची आहे. उड्या मारणाऱ्या घोड्यांत 'जेम ट्विस्ट' हा नामांकित घोडा खच्ची होता, म्हणजे वंश खुंटलेला. २००८मध्ये त्याचा क्लोन झाला तो शर्यतीसाठी नव्हे, वळू म्हणून वापरायला. खच्ची केलेल्या बैलाची रेतमात्रा कधीच मिळणार नाही. त्याची जनुकं पुढे न्यायला कातडीची पेशी हा एकच दरवाजा उरतो. वळू शाबूत असेल तर क्लोनिंग कशाला? रेत काढा, गोठवा, शंभर गायी भरवा. उरळी कांचनच्या बाएफसारख्या संस्था हे काम कित्येक दशकं करताहेत, आणि लिंगवर्गीकृत रेतमात्रेने दहापैकी नऊ कालवडी मिळतात.

पाव्हणं_माणदेशी
म्हंजी ज्याचा काटा काढला त्याचाच क्लोन फायद्याचा. झकास.

कालवड
हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेने नेमकं हेच पुढे नेलं. 'एम-२९' या मुऱ्हा रेड्याचे सात क्लोन केले. त्याआधी 'हिसार गौरव' हा क्लोन रेडा तिथेच ११ डिसेंबर २०१५ला जन्मला होता. एका उत्तम रेड्याच्या रेतमात्रांना मर्यादा असते, सात रेडे असले की ती सातपट ताणता येते. क्लोनमधली कुलपांची गडबड पुढच्या पिढीत सहसा उतरत नाही, कारण रेत आणि बीज तयार होताना कुलपं पुन्हा नव्याने बसतात. कर्नालची 'गरिमा-२' २०१०मध्ये क्लोनिंगने जन्मली आणि जानेवारी २०१३मध्ये साध्या कृत्रिम रेतनाने व्यायली. रेडी धडधाकट होती. पण त्याआधीची पहिली क्लोन रेडी फेब्रुवारी २००९मध्ये काही दिवसांतच गेली, ही नोंदही शेजारी ठेवा.

धोका दुसरा आहे. एकाच रेड्याच्या सात प्रती गावोगाव पोचल्या तर दहा वर्षांनी रक्तसंबंध टाळायला रेडा कुठून आणणार?

माळरान
इतकं सगळं जमतंय तर माळढोक क्लोन करा की! सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आता दर्शन दुर्मिळ.

निशिगंध
पक्ष्यांत ही पद्धत चालत नाही. पक्ष्याचं बीज म्हणजे अख्खा बलक, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, त्यात केंद्रक. बलक अपारदर्शक, केंद्रक सापडणार कसं आणि न फोडता काढणार कसं? आणि अंडं घातलं जातं तेव्हा आत हजारो पेशी आधीच झालेल्या असतात. माळढोकासाठी जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनाने पिल्लू निघालं, आशेची जागा ती.

सस्तन प्राण्यांत मात्र संवर्धनासाठी क्लोनिंगला अर्थ आहे. अमेरिकेतले सगळे काळ्या पायांचे फेरेट अवघ्या सात पूर्वजांची प्रजा. १९८८मध्ये गोठवलेल्या 'विला' या मादीच्या पेशींतून १० डिसेंबर २०२०ला 'एलिझाबेथ ॲन' जन्मली आणि त्या गोतावळ्यात नवं रक्त शिरायची वाट उघडली. तिची क्लोन बहीण अँटोनिया हिला २०२४मध्ये पिल्लं झाली. हरवलेली जनुकं परत आणणं आणि हरवलेला मोती परत आणणं, यातला फरक इथे दिसतो.

सगळेच प्रयत्न असे सुफळ नाहीत. २००३मध्ये पिरेनीजमधली नामशेष रानबकरी क्लोनिंगने जन्मली आणि फुप्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांत गेली. आपल्या राधानगरीत दिसतो तोच गवा, २००१मध्ये अमेरिकेत साध्या गायीच्या पोटी क्लोनिंगने जन्मला. नाव नोआ. दोन दिवसांत हगवणीने गेला.

तिरपागडा
आणि ते भयंकर लांडगे ('डायर वुल्फ')? २०२५मध्ये परत आलेले?

जनुकराव
ते नामशेष लांडग्याचे क्लोन नाहीत. आजच्या राखाडी लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांमध्ये २० बदल केले आणि मग त्या पेशीचं क्लोनिंग केलं. दाया पाळीव कुत्र्या. नाव ठेवल्याने लांडगा बदलत नाही.

सर्किट
अजून एक शंका. क्लोन जन्मतःच म्हातारा असतो म्हणतात. डॉली सहा वर्षांतच गेली.

जनुकराव
डॉलीच्या गुणसूत्रांची टोकं वयाच्या मानाने आखूड भरली होती, त्यावरून ही समजूत पसरली. पण १४ फेब्रुवारी २००३ला तिला दयामरण दिलं ते विषाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या गाठीसाठी, तो आजार गोठ्यातल्या मेंढ्यांत पसरतोच. तिच्याच पेशींपासून पुढे झालेल्या चार मेंढ्या नॉटिंगहॅमला तपासल्या. २०१६च्या अहवालात सात ते नऊ वर्षांच्या वयात त्या वयाला साजेशा ठणठणीत होत्या. सीसी मांजर तर १८ वर्षं जगली. जन्माच्या आसपासचे दिवस ज्याने काढले तो क्लोन पुढे सहसा नेहमीसारखाच जगतो.

सुतारपक्षी
धागा म्हशीवरून लांडग्यावर गेला, मजा आली. पण माझा तिसरा प्रश्न राहिलाच: कुणी पेशी साठवायच्या म्हणालं तर?

कालवड
व्यवहाराचं सांगते. निर्णय नंतर घ्यायचा असला तरी नमुना जिवंतपणी घेतलेला उत्तम. दुसऱ्या कारणाने भूल द्यायचीच असेल (दात साफ करणं, नसबंदी) तेव्हाच पोटाच्या किंवा मांडीच्या आतल्या कातडीचे पंचने दोन-तीन तुकडे घ्यावेत. केस काढून, जागा नीट निर्जंतुक करून, कारण बुरशी शिरली की अख्खी बशी फेकावी लागते. तुकडे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमात, ४ अंशांवर, बर्फाला न टेकवता पाठवायचे.

प्राणी मेल्यावर घ्यायचं असेल तर सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे शव डीप फ्रीझरमध्ये ठेवणं. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, मग काहीच वाढत नाही. ओल्या टॉवेलात गुंडाळून साध्या फ्रिजच्या कप्प्यात ठेवायचं. अशा स्थितीत पाच दिवसांपर्यंत पेशी मिळू शकतात. आपल्या मे महिन्यात बाहेर ठेवलं तर तासांचा हिशोब.

पुढे आयुष्यभराचं भाडं. नायट्रोजनची टाकी आपोआप भरत नाही, आणि तिचं तापमान एकदा चढलं की आतला नमुना गेला. तुकडे परदेशी पाठवायचे तर दोन्ही देशांचे जैविक नमुन्यांचे परवाने. पिल्लू इकडे आणायचं तर कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर २०१६मध्ये बंदी घातली गेली, पाळीव म्हणून आणताना कागद मालकाच्या नावाचे लागतात. ब्रिटनमध्येही पेशी तिथे साठवतात आणि क्लोन करायला अमेरिकेला पाठवतात.

बेरीज_वजाबाकी
आणि विचारणाऱ्याला एवढं जरूर सांगा: पेशी साठवल्याने कुठल्याही कुत्रीचं पोट उघडत नाही. उघडतं ते पुढचा चेक फाडल्यावर.

सुतारपक्षी
हे पटलं. माझा आक्षेप साठवणीला नाही, पुढच्या पायरीला आहे, असं वरच्या मतात दुरुस्त करून वाचावं.

तिरपागडा
सगळं झालं, पण भूल न देता पंच मारायचा तर मांजराला धरणार कोण?

कालवड
कुणीच नाही. गुंगीचं इंजेक्शन द्या, आठ तास उपाशी ठेवून.